लिफ्टचं गाऱ्हाणं

जयवंत घाडीगावकर तत्त्वाचे माणूस होते. तत्त्वाच्या माणसाशेजारी राहणं किती कटकटीचं असतं, हे मंगलदीप सोसायटीतल्या उरलेल्या पंधरा बिऱ्हाडांना विचारावं. बोरीवली पूर्वेला, मागाठाण्याच्या थोडं अलीकडे, चार मजल्यांची ही जुनी इमारत. लिफ्ट नाही. दरवर्षी सर्वसाधारण सभेत कुणीतरी लिफ्टचा विषय काढायचं, आणि दरवर्षी जयवंतराव खुर्ची मागे सारून उभे राहायचे. असं सलग अकरा वर्षं चाललं.

पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलं की जिना चढल्याने माणसाचं आयुष्य वाढतं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, लिफ्ट आली की शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा होतो. मग एका वर्षी त्यांना आवारातलं शेवग्याचं झाड आठवलं. लिफ्ट बसवायची तर ते तोडावं लागणार होतं. त्या झाडावर जयवंतराव वीस मिनिटं बोलले, मध्ये एकदा रुमाल डोळ्यांना लावला, आणि समोर बसलेल्या दोन बायकाही हळव्या झाल्या. शेवग्याच्या शेंगेने जयवंतरावांना वात होतो आणि त्यांनी जन्मात ती तोंडात घातलेली नाही, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. खुद्द त्यांच्याही आलं नाही. ही सगळी कारणं त्यांना अगदी मनापासून खरी वाटायची. माणूस दुसऱ्याला फसवताना निदान जरा डोकं वापरतो, स्वतःला फसवताना तेवढेही कष्ट घेत नाही.

बाकी ठिकाणीही त्यांचं असंच होतं. त्यांची मुलगी अक्षता लग्न होऊन दहिसरला गेली. जावई गुणी, घर झकास, फक्त बाविसाव्या मजल्यावर. तीन वर्षांत जयवंतरावांनी ते घर फोनवरच पाहिलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी ते खालीच थांबले, "पाहुण्यांच्या गाड्या कोण लावून देणार?" म्हणून. एरवी गेले की खाली बागेत बाकड्यावर बसायचे आणि अक्षता डबा घेऊन खाली यायची. "वरची हवा मला मानवत नाही गं," असं ते म्हणत. त्यांचे दाताचे डॉक्टर पाचव्या मजल्यावर बसायचे. जयवंतराव तिथे जिन्याने पोचायचे तेव्हा तोंड आपोआपच उघडं असायचं, त्यामुळे डॉक्टरांचं एक काम वाचे.

हे सगळं असंच सुखाने चाललं असतं. पण गेल्या वर्षी सुगंधाबाईंचे गुडघे गेले.

सुगंधाबाई म्हणजे जयवंतरावांच्या पत्नी. देवगडकडच्या, बोलायला फटकळ, चालायला त्याहून चपळ. सकाळी बाजारात जाऊन कोळणीशी तासभर हुज्जत घालणं हा त्यांचा व्यायाम, करमणूक आणि समाजकार्य. त्यांना डॉक्टरांनी जिना बंद केला. घर चौथ्या मजल्यावर! तेव्हापासून त्या आपल्या पायांनी खाली उतरल्या नव्हत्या. भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढायच्या आणि कोळणीशी चौथ्या मजल्यावरून भांडायच्या, पण त्यात पूर्वीची गोडी नव्हती, कारण बांगड्याचा डोळा वरून दिसत नाही. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. दुसऱ्या वेळी परत आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. "माका इसर्जनाक न्हेतत तसा न्हेला," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या सभेत लिफ्टचा ठराव आला. बाजूने पंधरा, विरुद्ध एक.

तो एक कोण, हे पहिल्या मजल्यावरच्या तेजलबेननी सुगंधाबाईंना फोन करून सांगितलं. जयवंतराव सभेतून वर आले तेव्हा चहा टेबलावर तयार होता, त्यात साखरही बरोबर होती. सुगंधाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुमच्या तत्त्वाक गुडघे असते ना," त्या म्हणाल्या, "तर तुमका कळला असता."

मग त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. नंतर बोलू लागल्या, पण पाहुण्याशी बोलावं तसं. जयवंतरावांना हे फार लागलं. बायकोच्या गुडघ्यांसाठी ते रोज पहाटे तेल कोमट करत होते, पण विरोधात हात का वर गेला, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं.

लिफ्ट झाली. शेवग्याचं झाडही वाचलं. लिफ्ट मागच्या बाजूने बसली. उद्घाटन रविवारी दहा वाजता ठरलं, आणि सोमवारी सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर प्रधान जयवंतरावांकडे आले.

"घाडी, गाऱ्हाणं तूच घालायचंस."

इथे थोडं सांगायला हवं. कोकणात कुठलंही काम सुरू करताना देवापुढे नारळ ठेवून जाणत्या माणसाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं असतं: काय केलंय, काय हवंय, काय चुकलंय. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" असा पुकारा करायचा. घाडीगावकरांच्या घराण्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या. जयवंतरावांचे वडील गिरणीत नोकरीला आले तेव्हा सोबत हेच घेऊन आले. त्यामुळे मंगलदीपमध्ये पाण्याचा पंप बदलला, नवं गेट बसलं, कॅमेरे लागले, की गाऱ्हाणं जयवंतरावांचंच. प्रधान मूळचे गिरगावकर आणि तेजलबेन भावनगरच्या, पण "व्हय म्हाराजा" दोघांचंही खणखणीत असे.

"मी विरुद्ध मत दिलंय, नंद्या."

"म्हणूनच. देवाला वाटायला नको की आपल्यात फूट आहे. गाऱ्हाणं झालं की पहिली फेरी तू मारायचीस. वर जायचं आणि वहिनींना घेऊन खाली यायचं. सगळ्यांनी ठरवलंय."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी?"

"मियां ठरवलंय," आतून सुगंधाबाई म्हणाल्या. "पयल्या खेपेक तुमीच येवन माका खाली न्हेवचा. नायतर मी ह्याच घरात बसान ऱ्हवतंय."

जयवंतरावांच्या पोटात खड्डा पडला. त्यांना वाटलं, सकाळचं थालीपीठ बाधलं.

बुधवारी ते आणि प्रधान नेहमीप्रमाणे महापालिकेच्या बागेत गेले. तिथे कुठल्याशा संस्थेने टेबल मांडलं होतं आणि गार्गी नावाची पंचविशीतली मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक कागद देत होती. वर लिहिलं होतं: 'साधी भीती की फोबिया? स्वतःला विचारा दहा प्रश्न.' जयवंतरावांचे डोळे चमकले. कारण प्रधान कबुतराला घाबरायचे. गच्चीत वाळवण बघायला गेले तरी छत्री उघडून जात. अख्ख्या बोरीवलीला हे ठाऊक होतं, कारण जयवंतरावांनी ते अख्ख्या बोरीवलीला सांगितलं होतं.

"बस खाली," जयवंतराव पेन काढत म्हणाले. "आज तुझा निकाल लावू. प्रश्न पहिला. खरा धोका फारसा नाही हे कळत असूनही भीती वाटते का?"

"वाटते ना. कबुतर माझं काय वाकडं करणार? पण वाटते."

जयवंतरावांनी आनंदाने खूण केली. "दुसरा. ती गोष्ट समोर आली की छातीत धडधड, हाताला घाम, तोंडाला कोरड?"

"धडधडतं जरा. घामबिम नाही."

दाताच्या डॉक्टरांच्या इमारतीत परवा एका बाईने लिफ्टचं दार धरून "या ना काका" म्हटलं होतं, तेव्हा हातातली पिशवी निसटली होती, हे जयवंतरावांना उगाचच आठवलं. त्यांनी घसा साफ केला.

"तिसरा. ती गोष्ट टाळण्यासाठी लांबचा रस्ता धरता का?"

"छे! छत्री उघडतो नि सरळ जातो."

"चौथा. त्या गोष्टीमुळे आमंत्रणं, समारंभ टाळले आहेत का?"

"कबुतरामुळे? वेडा आहेस का?"

दहिसरच्या आवारात भर उन्हात गाड्यांना हात दाखवणारा एक मुलीचा बाप जयवंतरावांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याचा चेहरा ओळखीचा होता. वर होम चालू होता आणि हा खाली "घ्या, घ्या, अजून मागे घ्या" म्हणत होता.

पुढचे प्रश्न त्यांनी आवाज लहान करत करत वाचले. दोन-चार दिवस आधीपासूनच पोटात खड्डा पडतो का? पडत होता, सोमवारपासून. थालीपीठ उगाच बदनाम झालं होतं. सातव्यावर ते अडखळले.

"भीती लपवण्यासाठी... दुसरी कारणं सांगता का? आणि ती कारणं तुम्हालाच... खरी वाटू लागली आहेत का?"

"कशाला लपवू? लपवायला तू काही ठेवलंयस का?" प्रधान हसले.

जयवंतराव हसले नाहीत. एक शेवग्याचं झाड त्यांच्या मनात सावकाश आडवं पडत होतं.

दहावा प्रश्न त्यांनी मनातच वाचला. 'तुमच्या भीतीपायी घरातल्या माणसाला त्रास सोसावा लागतो का?'

"काय रे, पुढचा वाच ना."

"संपले. तुझे तीन आले."

"मग पास की नापास?"

"तुला काही झालेलं नाही, नंद्या."

"मग तुझं तोंड का उतरलंय?"

"ऊन फार आहे," जयवंतराव म्हणाले. ते दोघे सावलीत बसले होते.

घरी येईपर्यंत त्यांनी स्वतःशी बरीच वकिली केली. लहानपणी कधी लिफ्टमध्ये अडकलो? नाही. कुणी कोंडलं? नाही. मग भीती येईल कुठून? कारण काही सापडेना, पण लक्षणं दहाच्या दहा सापडली होती. बासष्ट वर्षांचा, दोन वेळा सोसायटीचा चेअरमन झालेला, सापाला शेपटीला धरून कुंपणाबाहेर टाकणारा माणूस, आणि घाबरतो कशाला, तर वर-खाली जाणाऱ्या खोलीला! त्यांना स्वतःची लाज वाटली आणि थोडं रडूही आलं, म्हणून त्यांनी तोंड धुतलं.

तोंड धुताना एक कल्पना सुचली. बाथरूम साधारण लिफ्टएवढंच होतं. गुरुवारी सकाळी टॉवेल गुंडाळून त्यांनी आत जाऊन कडी लावली, दिवा घालवला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि गीझरचं बटण दाबलं. "पहिला मजला," ते पुटपुटले. "दुसरा मजला." तिसऱ्याला त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते कडी काढून धडपडत बाहेर आले, ते थेट वॉकर घेऊन उभ्या असलेल्या सुगंधाबाईंसमोर.

"काय झाला? पोट बिघाडला?"

"हां. पोट."

"मगे मजले कसले मोजूत होतास?"

"जुनी सवय," जयवंतराव म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. सांगायला हवं होतं. पण अकरा वर्षांचं तत्त्व असं एका टॉवेलावर कसं उतरवायचं? आणि लोक काय म्हणतील? प्रधान काय म्हणतील? शुक्रवारी त्यांनी गावी जाण्याचा विचार केला, शनिवारी पाय मुरगाळण्याचा. दोन्ही राहून गेलं. रविवार मात्र वेळेवर आला.

लिफ्टच्या दाराला झेंडूची माळ होती. पाटावर नारळ, विडे, अगरबत्ती. पंधराही बिऱ्हाडं खाली जमली होती. चौथ्या मजल्यावर जिन्याच्या कठड्याशी सुगंधाबाई उभ्या होत्या, वॉकरला टेकून. नवी अबोली साडी, केसांत फुलांचा वळेसर. सात महिन्यांनी बाहेर जायचं म्हणून पायांत नव्या चपला घातल्या होत्या. जयवंतरावांनी वर पाहिलं. मग हात जोडून त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इमारत दणाणली.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या मंगलदीपात जी लिफ्ट बसली हा, तिका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपवून नारळ फोडायचा असतो. पण नारळ फोडला की लिफ्टमध्ये शिरायचं होतं. जयवंतरावांनी नारळाला हात लावला आणि हात मागे घेतला.

"तसाच आमच्या पाण्याच्या पंपाकय सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग त्यांनी टाकी सांभाळायला सांगितली, गेट सांभाळायला सांगितलं. तेजलबेनच्या मुलाला सीएची परीक्षा पास करायला सांगितलं, ज्याला तेजलबेननी दोनदा "व्हय म्हाराजा" म्हटलं. पार्किंगमध्ये आडवी गाडी लावणाऱ्याला बुद्धी मागितली. समोरच्या इमारतीच्या ड्रिलिंगबद्दल देवाकडे तक्रार केली. पंधरा मिनिटं झाली. एक अगरबत्ती संपली, दुसरी लावली. लिफ्ट कंपनीचा माणूस तिसऱ्यांदा घड्याळ बघू लागला. "व्हय म्हाराजा" आता जांभईबरोबर येऊ लागलं. जयवंतराव बोरीवली संपवून कांदिवलीच्या रहिवाशांचं रक्षण मागत होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अवो, आटपा! माझे पाय दुकतत!"

जयवंतरावांनी वर पाहिलं. सुगंधाबाई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होत्या. तरी खुर्ची मागितली नव्हती, कारण साडी चुरगळली असती.

जयवंतरावांचे वडील सांगायचे, माणसांशी काय थापा मारायच्या त्या मार, गाऱ्हाण्यात मारू नकोस. सभेत अकरा वर्षं जे जमलं ते हात जोडलेल्या माणसाला जमेना. त्यांनी डोळे गच्च मिटले.

"आणि म्हाराजा," ते ओरडले, "हो जो जयवंत तुझ्याफुडे उभो आसा, तो लिफ्टीक भियाता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीने ओरडले. मग एकमेकांकडे बघू लागले. लिफ्ट कंपनीच्या माणसाने घड्याळावरून नजर काढली.

आता थांबून उपयोग नव्हता.

"अकरा वर्सा ह्येना जी कारणा दिली, ती सगळी भयापोटी दिली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज चांगलाच मोठा होता.

"शेवग्याच्या झाडाची ह्येका काडीची काळजी नव्हती!"

"व्हय म्हाराजा!!" त्या वर्षी हळव्या झालेल्या दोघी सर्वांत पुढे होत्या.

"परधानाक कबुतरावरसून हसलो, ता चुकला. पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रधान एकटेच इतक्या जोरात ओरडले की गच्चीवरची कबुतरं उडाली आणि त्यांना खाली वाकावं लागलं.

लोक हसत होते. जयवंतरावांचे कान तापले होते. राहिलेलं एक वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं, पण जिन्यात हळू आवाजही वरपर्यंत जातो.

"पण बायलेचे गुडघे दुकतत, ह्या ह्येका कळत नव्हता, असा नाय रे म्हाराजा. कळत होता. रोज कळत होता. भय त्याच्याहून मोठा झाला."

हसणं थांबलं. तेजलबेननी पदर तोंडाला लावला.

"व्हय म्हाराजा," चौथ्या मजल्यावरून एकच आवाज आला.

मग कठड्याशी हालचाल झाली. "थांबा थयच," सुगंधाबाई म्हणाल्या. "मी येतंय."

काहीतरी गुरगुरलं, झेंडूची माळ थरथरली, लिफ्ट रिकामीच वर गेली आणि वर जाळी सरकल्याचा आवाज आला. सेक्रेटरींनी घाईने नारळ फोडून घेतला, कारण कुणीतरी फोडायलाच हवा होता. लिफ्ट खाली आली. सुगंधाबाईंनी जाळी सरकवली, वॉकर दारात आडवा ठोकला आणि आतच उभ्या राहिल्या. दोन पावलांवर बाहेरचं ऊन होतं, बाजार होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"सात म्हयने," त्या म्हणाल्या, "माका वाटला, माझी किंमत शेवग्यापेक्षा कमी."

"नाय गो."

"आदी सांगूचा नाय?"

"लाज वाटली."

"हां. नि त्या न्हाणीत मजले मोजूक नाय लाज वाटली." त्यांनी हात पुढे केला. "येवा."

जयवंतरावांनी उजवा पाय आत ठेवला. डावा बाहेरच राहिला. अर्धे आत, अर्धे बाहेर, असे ते उभे राहिले, आणि दार उघडं राहिलंय म्हणून लिफ्टमधली बाई बोलायला लागली.

"कृपया दरवाजा बंद करें."

जयवंतरावांच्या कपाळावरून घाम ओघळला.

"कृपया दरवाजा बंद करें."

"वहिनी, राहू दे आज," प्रधान म्हणाले.

"कृपया दरवाजा बंद—"

"गप ऱ्हव गे!" सुगंधाबाई लिफ्टच्या छताकडे बघून कडाडल्या. हा कोळणीच्या वाट्याचा, सात महिने साठवलेला आवाज होता. "मगापासून बघतंय, तोंड म्हणान बंद नाय! माणूस भियालो हा, दिसना नाय तुका? येतले ते. दमान येतले!"

जयवंतरावांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता तोल गेला, त्यांनी बायकोचा खांदा धरला, आणि डावा पाय कधी आत आला हे त्यांनाच कळलं नाही.

सुगंधाबाईंनी वॉकर आत ओढला, जाळी सरकवली आणि चारचं बटण सोडून एकचं दाबलं.